तिघांच्या नावावरचा लिव्ह अँड लायसन्स करार आणि मध्येच शहर सोडणारा एक जण

प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्लॅट तिघांनी मिळून घेतलाय, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार तिघांच्या नावाने नोंदलेला आहे, सहा महिने झालेत. एकाची बदली दुसऱ्या राज्यात झाली, उरलेल्या दोघांना तिथेच राहायचंय. जाणाऱ्याने काय केलं म्हणजे डिपॉझिट परत मिळेल आणि मागे काही लचांड राहणार नाही? हे उत्तर महाराष्ट्रातल्या करारांपुरतं आहे, कारण इथला भाडे कायदा इतर राज्यांपेक्षा वेगळा आहे.

सामान हलवलं, किल्ली रूममेटच्या हातात दिली, ग्रुपवर ‘चला, भेटू’ लिहिलं, एवढ्याने करारातून सुटका होत नाही. करारावर ‘लायसन्सी’ म्हणजे जागा वापरणारे म्हणून तिघांची नावं आहेत आणि भाडं एकच आकडा आहे, समजा ३६,००० रुपये. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ४३ सांगतं की संयुक्त वचन देणाऱ्यांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण वचन वसूल करता येतं. करारात उलट काही लिहिलेलं नसेल, तर घरमालक ३६,००० रुपये तुमच्या एकट्याकडेही मागू शकतो. ‘माझा वाटा १२,००० चाच होता’ हे त्याला सांगून उपयोग नाही. तो हिशोब तुमचा आणि रूममेट्सचा.

आणि हे फक्त भाड्यापुरतं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपूनही जागा रिकामी केली नाही, तर दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. तुम्ही पाच महिन्यांपूर्वी गेलेले असता, मागचे दोघं मुदतीनंतर महिनाभर रेंगाळतात, आणि कागदावर अजून तुम्हीही लायसन्सी असता. असं क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा नोटिशीत तिघांचीही नावं असतात.

म्हणून पहिलं काम करार काढून वाचणं. सही करताना तो कुणी वाचलेला नसतो. नोंदणीची प्रत सापडत नसेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमधून इंडेक्स-२, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, काढता येतो. त्यावर दस्त क्रमांक, तारीख, भाडं, डिपॉझिट, मुदत असते. पण कलमं वाचायला पूर्ण करारच हवा, तो रूममेटकडून, मालकाकडून किंवा करार करून देणाऱ्या एजंटकडून मागून घ्या.

वाचताना चार जागा शोधा. एक, नोटीस पीरियड: किती दिवसांचा, लेखी हवी का, आणि ‘एक महिना’ म्हणजे नोटीस दिल्यापासून ३० दिवस की पूर्ण कॅलेंडर महिना. ३ तारखेला नोटीस दिली आणि करारात पूर्ण कॅलेंडर महिना असेल, तर मोजणी पुढच्या १ तारखेपासून सुरू होते. इथे सरळ २७-२८ दिवसांचं भाडं जास्तीचं जातं, म्हणून बदलीचं पत्र हातात पडताच महिनाअखेरीच्या आत नोटीस गेलेली बरी. दोन, लॉक-इन, म्हणजे ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही तो: आहे का, किती महिन्यांचं, आणि ते फक्त लायसन्सीला बांधतं की मालकालाही. तीन, डिपॉझिटचं कलम: कोणत्या खात्यातून, कोणत्या चेकने किंवा व्यवहार क्रमांकाने पैसे गेले, रंगकामासाठी किती कापायचं ठरलं, परतफेड जागा सोडताना की काही दिवसांनी. चार, ‘लायसन्सी’ या शब्दाची व्याख्या. बहुतेक छापील मसुद्यांत तिघांना मिळून एकच ‘लायसन्सी’ म्हटलेलं असतं. त्याचा परिणाम असा की नोटीस देण्याचा हक्कही तिघांचा मिळून आहे असं मालक म्हणू शकतो.

या चौथ्या मुद्द्यावर नोटिशीची भाषा ठरते, आणि इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. कुणी नुसतं ‘आम्ही ३१ ऑगस्टला फ्लॅट सोडत आहोत’ असं लिहून मोकळा होतो; मालक संपूर्ण करार संपला असं समजून नवा भाडेकरू बघायला लागतो आणि मागच्या दोघांवर आभाळ कोसळतं. दुसरा कुणी ‘मी जातोय, बाकी दोघं बघतील’ एवढंच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, आणि मालक ‘ठीक आहे’ म्हणतो. या ‘ठीक आहे’चा अर्थ पुढे ज्याला जसा हवा तसा लावता येतो.

मजकूर असा ठेवा:

“दि. … रोजी नोंदणी झालेल्या दस्त क्र. … च्या लिव्ह अँड लायसन्स करारातील तीन लायसन्सींपैकी मी एक आहे. नोकरीतील बदलीमुळे मी दि. ३१ ऑगस्ट रोजी जागा सोडत आहे. ही नोटीस फक्त माझ्यापुरती आहे. श्री. … व श्री. … हे जागेत राहणार असून त्यांच्या वतीने ही नोटीस नाही. माझ्या जागी येऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीची माहिती मी दि. १० ऑगस्टपर्यंत आपणांस देईन. आपल्या संमतीने चालू करार संपुष्टात आणून राहणाऱ्यांच्या नावे नवा करार नोंदवावा आणि दि. ३१ ऑगस्टनंतरच्या सर्व जबाबदाऱ्यांतून मला मुक्त करावे, ही विनंती.”

खाली तुमची सही, आणि शक्य असेल तर ‘वाचले, संमत’ असं लिहून उरलेल्या दोघांच्याही सह्या. ईमेलने पाठवा, तोच पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, आणि छापील प्रत करारात दिलेल्या मालकाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पोच घेऊन पाठवा. तिन्ही केलं तर ‘मला मिळालंच नाही’ याला जागा उरत नाही. पोस्टाची पावती फिकट होते, तिचा फोटो काढून ठेवा.

आता मुख्य भाग: नाव खरोखर कसं निघतं.

लोक विचारतात, ‘माझ्या जागी मित्र येतोय, नाव बदलून घेऊ का?’ लायसन्स हस्तांतरित करता येत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५६ चा नियम तोच आहे. वेगळा हेतू करारात लिहिलेला नसेल तर लायसन्सी आपला हक्क दुसऱ्याला देऊ शकत नाही. मालकाच्या संमतीशिवाय आलेला माणूस कायद्याच्या नजरेत कुणीच नसतो, आणि त्याला आणणं हा बहुतेक करारांत रद्द करण्याचं कारण धरलेला भंग असतो. म्हणजे बिचाऱ्या मागच्या दोघांची जागाही धोक्यात.

माझं ठाम मत असं की जुना करार सर्वांच्या सहीने संपवावा आणि राहणाऱ्यांचा, नव्या माणसासह किंवा त्याच्याशिवाय, नवा करार नोंदवावा. जुन्या कराराला पुरवणी जोडून एक नाव काढणं आणि एक घालणं कागदोपत्री शक्य आहे, पण ती पुरवणीही नोंदवायला हवी, पुढे बँकेत किंवा पासपोर्टच्या कामाला दोन-दोन कागद दाखवत बसावं लागतं, आणि नव्या माणसाची जबाबदारी कधीपासून हे त्यात नेहमी धूसर राहतं. खर्चात फरक नाममात्र. लिव्ह अँड लायसन्सवरचं मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: संपूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर. ३६,००० भाडं, ११ महिने, दीड लाख डिपॉझिट असेल तर ३,९६,००० अधिक साधारण १४,००० म्हणजे ४,१०,००० च्या आसपास. शुल्क सुमारे १,०२५ रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. त्यावर दस्त हाताळणी शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्या सेवा पुरवठादाराची फी. हा खर्च जाणाऱ्याने उचलावा. बदल त्याच्यामुळे होतोय, आणि दोन-चार हजारांत पाच महिन्यांची टांगती तलवार जाते.

एजंट इथे पूर्ण ब्रोकरेज मागतो. नवा माणूस त्याने आणला नसेल तर करार करून देण्याची फी सोडून त्याला काही देणं लागत नाही.

नव्या करारावर जाणाऱ्याची सही नसते, कारण तो त्यात पक्षकार नाही. म्हणून जुन्या कराराचं समाप्तीपत्र वेगळं करावं लागतं, आणि हाच कागद लोक विसरतात. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर मालक आणि तिघं लायसन्सी, अशा चौघांच्या सह्या. त्यात हवं ते इतकंच: दस्त क्रमांक आणि तारीख, करार कोणत्या तारखेपासून संमतीने संपला, त्या तारखेपर्यंतचं भाडं मिळालं, जाणाऱ्याच्या वाट्याचं डिपॉझिट किती आणि कसं चुकतं झालं, आणि त्या तारखेनंतर जाणाऱ्यावर मालकाचा व उरलेल्या दोघांचा कोणताही दावा नाही. शेवटच्या वाक्यातला ‘व उरलेल्या दोघांचा’ हा तुकडा गाळू नका. करार अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे मालकाने एकाला मोकळं केलं तरी तो बाकीच्या सहकाऱ्यांपासून मोकळा होत नाही. ते त्याच्याकडे वाटा मागू शकतात. मालकाचं प्रेमळ पत्र खिशात असूनही सहा महिन्यांनी रूममेटचा हिशोब येतो, तो याच कलमाच्या बळावर.

तोंडी समाप्ती का चालत नाही, हेही सांगतो. नोंदणीकृत करार नंतरच्या तोंडी बोलण्याने रद्द झाला किंवा बदलला, हे साक्ष कायद्यानुसार सिद्ध करता येत नाही. मालकाने दोघां-चौघांसमोर ‘जा, तू मोकळा’ म्हटलेलं असलं तरी लेखी काही नसेल तर अडचण आहे. समाप्तीपत्र नोंदवायला वेळ मिळाला तर उत्तमच. नाही तर निदान चौघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. सही शहर सोडण्यापूर्वी करा. आधीच गेला असाल तर आधार-आधारित ई-सही चालते, किंवा सही केलेली प्रत कुरियरने पाठवा, पण त्यात आठवडे जातात आणि एकाची सही नेहमी अडकते.

नवा करार ऑनलाइन नोंदणीतून होतो तेव्हा मालक, लायसन्सी आणि दोन साक्षीदार यांची आधारवरून ओळख पटवली जाते. बोटांचे ठसे न जुळणं ही तिथली रोजची डोकेदुखी आहे, विशेषतः वयस्कर मालकांची. समाप्तीची तारीख ३१ आणि नवा करार १ तारखेपासून ठरवला असेल तर ठशांचं काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आठ दिवस आधी उरका. मधल्या काळात करारच नाही अशी स्थिती आली तर सर्वात जास्त त्रास मागच्या दोघांना होतो. मालकाने नव्या माणसाची माहिती पोलिसांकडे देणं आणि सोसायटीला नव्या कराराची प्रत देणंही ओघाने आलंच.

एक गोष्ट राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. नवा करार म्हटला की मालक नवे ११ महिने धरतो आणि भाडं वाढवायला बघतो. चालू कराराच्या उरलेल्या पाच महिन्यांसाठी आहे त्या भाड्यावर करार करा, असं आधीच मेलवर मागा. तो ऐकेलच असं नाही, कारण जाणाऱ्याला मोकळं करण्याची त्याला काही गरज नसते; पण नवा अनोळखी माणूस शोधण्यापेक्षा ओळखीचे दोघं टिकणं त्याच्याही फायद्याचं असतं. वाढ ठरलीच, तर ती जाणाऱ्याच्या माथी मारू नये.

बदली माणूस शोधताना मालकाला आणि रूममेट्सना एकाच वेळी माहिती द्या: नाव, नोकरी, कधीपासून येणार, आधी राहिलेल्या जागेच्या मालकाचा संदर्भ. एकच नाव देऊन थांबू नका, दोन-तीन द्या. मालकाने नकार दिला तर तारीख आणि कारण लिहून ठेवा. याचा उपयोग लॉक-इनच्या भांडणात होतो, तो असा.

समजा करारात ११ महिन्यांचं लॉक-इन आहे आणि ‘आधी सोडल्यास उरलेल्या महिन्यांचं पूर्ण भाडं किंवा डिपॉझिट जप्त’ असं लिहिलंय. हे वाचून लोक हातपाय गाळतात. करार अधिनियमाचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई; लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात हेच अधोरेखित केलं: नुकसानच झालं नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही. आणि कलम ७३ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे, नुकसान टाळायला जी साधनं हाताशी होती तीही मोजली जातात. तुम्ही वेळेत दोन लायक माणसं दाखवलीत, मालकाने कारण न देता दोन्ही नाकारली, आणि मग पाच महिन्यांचं भाडं मागितलं, तर त्याची बाजू कमकुवत होते. दोघं राहणारे पूर्ण भाडं भरत असतील तर त्याचं नुकसान मुळात शून्यच आहे. अर्थात हे कोर्टातलं गणित झालं. व्यवहारात लॉक-इनच्या आत सोडताना एका महिन्याच्या भाड्यातला आपला वाटा देऊन प्रकरण मिटत असेल तर मिटवावं, आणि ती रक्कम समाप्तीपत्रात लिहून घ्यावी. कंपनीने बदली केली असेल तर हा खर्च बदली भत्त्यात बसतो का ते आधीच विचारा. एचआर पावती मागतं, म्हणून मालकाकडून रकमेची पावती वेगळी घ्या.

लॉक-इन नाही किंवा संपलंय, नोटीस एक महिन्याची आहे, आणि बदली माणूस मिळत नाही. उरलेले दोघं म्हणतात, ‘पाचही महिन्यांचा तुझा वाटा दे.’ कायद्याने मालकाकडे तिघंही बांधलेले आहेत हे खरं, पण तिघांनी मिळून आज नोटीस दिली तर तिघांचं मिळून देणं एका महिन्याचंच आहे. पुढचे चार महिने राहणं ही त्या दोघांची निवड. म्हणून पाच महिन्यांची मागणी मला रास्त वाटत नाही. उलट नोटीस संपताच हात झटकणंही बरोबर नाही, कारण तिसरा माणूस शोधायला किंवा छोटी जागा बघायला त्यांना वेळ लागतो. नोटिशीचा एक महिना आणि वर एक महिना, म्हणजे दोन महिन्यांचा वाटा, मध्ये माणूस मिळाला तर त्या दिवसापासून बंद, यावर सहसा एकमत होतं. ते चार ओळींत लिहा आणि तिघं सही करा.

वाट्याबद्दल आणखी एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. वेगळं काही ठरलेलं नसेल तर कलम ४३ वाटे समान धरतं. मोठी खोली आणि स्वतंत्र बाथरूम म्हणून एक जण १४,००० आणि बाकीचे ११,००० देत असतील, तर त्याचा पुरावा म्हणजे दर महिन्याचे यूपीआय व्यवहार. जाण्यापूर्वी ते स्टेटमेंट काढून ठेवा. घरभाडे भत्त्यासाठी भाड्याच्या पावत्याही लागतात; शहर सोडल्यावर मालकाकडून त्या मिळवणं फार जिवावर येतं.

डिपॉझिटचा प्रश्न सर्वांनाच खातो. दीड लाखात प्रत्येकाचे ५०,००० आहेत, पण मालकाच्या लेखी ते तिघांचं मिळून एक डिपॉझिट आहे. एकट्याला ५०,००० दिले आणि उद्या बाकीच्यांनी पूर्ण दीड लाख मागितले तर, ही त्याची भीती खोटी नाही. म्हणून उरलेल्या दोघांचं ‘याचे ५०,००० परत द्यायला आमची हरकत नाही, आता डिपॉझिट १,००,००० मानावं’ असं पत्र सोबत द्या. नवा माणूस येत असेल तर तो ५०,००० देणार. ते मालकाला देऊन मालकाने तुम्हाला द्यायचे, की त्याने थेट तुम्हाला द्यायचे? मी थेट म्हणेन. पैसे एकदा मालकाच्या खात्यात गेले की परत यायला महिने लागतात. पण थेट देताना नव्या माणसाला सुरक्षित ठेवणं ही तुमची जबाबदारी: नव्या करारात ‘आधीच्या करारातील डिपॉझिटपैकी ५०,००० रुपये आता श्री. … यांच्या नावे धरले आहेत’ हे वाक्य घालून घ्या. ते नसेल तर बाहेर पडताना मालक त्याला विचारेल, ‘तुझे पैसे माझ्याकडे आलेच कधी?’

पूर्ण ५०,००० घेण्याचा आग्रहही धरू नका, जोवर घराची पाहणी झालेली नाही. जाण्याच्या दोन दिवस आधी तिघांनी फिरून व्हिडिओ करा: भिंती, सिंकखालची गळती, गिझर, कपाटांच्या बिजागऱ्या, बाल्कनीचं दार, गादीवरचे डाग. मालकाच्या फर्निचरची यादी कराराला जोडलेली असते, तिच्याशी ताडून पाहा. तुमच्या काळात तुटलेली वस्तू तुमच्या वाट्याने आताच मोजा, नाही तर तो भुर्दंड नव्या माणसावर पडतो. करारात शेवटी रंगकामाचे १२,००० ठरले असतील तर तुमचा वाटा ४,०००, पण तुम्ही ११ पैकी सहा महिने राहिलात, म्हणजे साधारण २,२००. असा हिशोब मांडला की वाद होत नाही.

विजेचं बिल अर्ध्या महिन्यात अडकतं. निघण्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, आकडा आणि मीटर क्रमांक दोन्ही दिसतील असा. मागच्या बिलातलं रीडिंग ८४१२, आजचं ८५३०. म्हणजे ११८ युनिट. मागचं बिल १९८ युनिटला १,९८० रुपये आलं असेल तर युनिटला दहा रुपये धरून १,१८० आणि तुमचे ३९३. पैशाचा फरक पडेल तो दहा-वीस रुपयांचा, पण बिल येईपर्यंत कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. वायफाय तुमच्या नावावर असेल तर ते बंद करा किंवा नाव बदला, राउटर कंपनीचा असेल तर परत केल्याची पोच घ्या. गॅस सिलिंडरचं कनेक्शन तुमचं असेल तर ते तिथेच सोडू नका, बदली करून घ्या. पार्किंगचं स्टिकर, सोसायटीचं कार्ड, गेटच्या अ‍ॅपवरचं नाव हेही तेव्हाच. किल्ल्या मोजून द्या आणि ‘मुख्य दाराच्या २, खोलीची १’ असं लिहून ज्याच्या हातात दिल्या त्याची सही घ्या.

हे सगळं तिघांची नावं करारात असताना. नावांची मांडणी वेगळी असेल तर चित्र पालटतं. करार एकाच रूममेटच्या नावावर आहे आणि तुम्ही फक्त राहणारे म्हणून आहात, तर मालकाशी तुमचा थेट संबंध नाही. तुमचं देणंघेणं, डिपॉझिटसकट, त्या रूममेटशी. नोटीस त्यालाच द्यायची. उलट करार तुमच्याच एकट्याच्या नावावर असेल तर तुम्ही गेल्यावर बाकीच्यांना राहण्याचा हक्कच उरत नाही. अशा वेळी त्यांच्या नावे नवा करार झाल्याशिवाय किल्ली देऊन निघणं म्हणजे त्यांच्या प्रत्येक महिन्याच्या भाड्याला स्वतःचं नाव गहाण ठेवणं. करार कंपनीच्या नावावर असेल तर काम कंपनीच्या प्रशासन विभागाचं.

करार नुसता नोटरी केलेला असेल, नोंदवलेला नसेल, तर? १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे माहीत असावं. पण निघताना याची धमकी देऊन फायदा होत नाही, डिपॉझिट त्याच्याच हातात असतं. आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो: ‘दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही’ हे केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं आहे. तो राज्यांसाठीचा नमुना आहे, तुमच्या मालकाला तो दाखवून काही निघत नाही.

सगळं करूनही मालक डिपॉझिट देत नसेल, तर क्रम असा. आधी हिशोबाचं एक पान: जमा रक्कम, मान्य कपात, येणं बाकी, खाते क्रमांक, आणि १५ दिवसांची मुदत. हे मेलने आणि स्पीड पोस्टने. नंतर वकिलाची नोटीस. तीही गेल्यावर हललं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीच्या, तडजोडीचा अर्ज करा. तिथे फी लागत नाही, मालकाला बोलावणं जातं, आणि ५०,००० रुपयांसारख्या रकमेत बहुतेक मालक त्या टप्प्यावर येऊन बसतात. तडजोड झाली तर लोकअदालतीतून तिचा निवाडा करून घ्या, तो दिवाणी हुकूमनाम्यासारखाच अमलात आणता येतो. दाव्याची मुदत पैसे देय झाल्यापासून तीन वर्षं. दुसऱ्या शहरातून दावा चालवणं अवघड म्हणून जाण्यापूर्वीच मूळ करार, समाप्तीपत्र, पोस्टाच्या पावत्या, मीटरचा फोटो, पाहणीचा व्हिडिओ आणि बँक स्टेटमेंट एकाच फोल्डरमध्ये ठेवून एक प्रत स्वतःच्या ईमेलवर पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण एक्स्पोर्ट करून त्यातच टाका आणि ज्या फोनवर ते आहे तो फोन बदलू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलं की ते देणं सोपं जातं.